आसगावातली हारपरबाई

विहाराची जुनी इमारत पाडून नवी बांधायची म्हणून मागच्या रविवारी आम्ही आतलं सामान बाहेर काढत होतो. मूर्ती आदल्या दिवशीच शाळेच्या खोलीत नेऊन ठेवली होती. शेवटी लोखंडी कपाट चौघांनी मिळून हलवलं, तर त्याच्यामागे भिंतीवर एक उभा चौकोन निघाला. बाकीच्या भिंतीवर चार वेळा रंग चढला होता, पण कपाटाआडच्या त्या तुकड्यावर मात्र जुनाच पोपटी चुना होता. तो चौकोन दिसला आणि माझे तळहात ओले झाले.

मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आहे. तुमसरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं आणखी कारणं मिळतील. तर असा हा इंग्रजीचा मास्तर एका रिकाम्या भिंतीपुढं घामाघूम होऊन उभा राहिला, कारण त्याच जागी, त्याच कपाटाला पाठ टेकून, त्यानं सतराव्या वर्षी एक अख्खा पावसाळा भीत काढला होता.

लोक म्हणतात भीतीला रंग नसतो. नसेल. वास असतो. माझ्या भीतीला ओल्या पोत्यांचा वास आहे. पावसात डोक्यावरून पोत्याची खोळ घेऊन आलेली माणसं ती खोळ दाराशी टाकत, आणि त्या ढिगातून तागाचा, चिखलाचा, धानाच्या कुजक्या तणशीचा मिळून एक कोमट वास आत यायचा. त्यात अगरबत्ती. त्यात रोवणीवरून, म्हणजे धानाच्या लावणीवरून, थेट आलेल्या बायांच्या पायांना लावलेलं कडू तेल, कारण दिवसभर धानाच्या बांधीत उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असत. बाहेर बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, बेडकं. इतकी बेडकं की वाटे, सगळं गाव त्यांच्यावर तरंगतं आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध, पांढऱ्या कापडानं झाकलेल्या चौरंगामागे, मी. माझ्यापुढं एक हिरव्या पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक आणि पुस्तकापलीकडं चाळीस जोडी डोळे.

तिथवर मी कसा पोचलो ते सांगतो. यात दोष कोणाचा नाही. म्हणजे माझाच आहे.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे वर्षावास असतो. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच आणि तो कडक: एकदा हाती घेतलेलं पुस्तक मध्येच सोडायचं नाही आणि एकाही दिवसाचा खंड पडू द्यायचा नाही. वाचणारा आजारी पडला तर पडल्या पडल्या वाचेल, पण वाचेल.

आमच्याकडे वाचायचे ते तुळशीरामकाका. रेल्वेत पॉइंट्समन होते, निवृत्त होऊन गावी आले होते. त्या वर्षी नागपूरला गेले असताना त्यांना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत हे हिरवं पुस्तक सापडलं. तिकडच्या, म्हणजे साहेबाच्या देशातल्या, लोकांचं रोजचं जगणं शिकता शिकता भाषा शिकायची, अशी त्याची पद्धत होती. एका गावातलं एक कुटुंब; सकाळचा नाश्ता, कपडे धुण्याचा वार, शेजारी, दुखणं, सण, असे चाळीसेक धडे, प्रत्येक धड्याला एक चित्र. काकांना इंग्रजी फक्त फॉर्मावरची येत होती. पण साहेबाच्या कागदापुढं आयुष्यभर मान खाली घालून उभं राहिल्यानं त्यांनी एक गोष्ट पक्की धरली होती. ते म्हणाले, आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही असं नाही, आपली पोरं इंग्रजीला भेतात. तवा यंदा अर्धा तास ग्रंथ, अन् अर्धा तास हे पुस्तक. भीती मोडून टाकू.

वाचणार कोण? इथं माझं नाव निघालं. दहावीला इंग्रजीत मला एक्केचाळीस मार्क पडले होते. गावातली बाकीची मुलं त्याच विषयात नापास झाली होती, त्यामुळे ते एक्केचाळीस लांबून नव्वदसारखे दिसत. शिवाय पवनीला जुने अवशेष पाहायला आलेल्या एका गोऱ्या माणसाला मी एकदा बाजारात रस्ता दाखवला होता. दाखवला म्हणजे बोटानं. तो थँक्यू म्हणाला, मी थँक्यू म्हणालो, तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा म्हणालो. गावात बातमी पोचेपर्यंत मी त्याच्याशी अर्धा तास बोललो होतो. मी ती बातमी खोडली नाही. ही माझी पहिली चूक. पुढच्या सगळ्या हिची लेकरं.

पहिल्या संध्याकाळी पहिला धडा उघडला. मिसेस हारपर नावाच्या बाईचा दिवस. मी एक ओळ इंग्रजीतून वाचायची आणि मराठीत सांगायची, असं ठरलेलं. पहिली ओळ आली. दुसरी अर्धी आली. तिसऱ्या ओळीत मला ओळखीचे शब्द दोन होते आणि त्यातला एक 'द' होता. मी वर पाहिलं. चाळीस माणसं वाट पाहत होती. कोणी खोकतसुद्धा नव्हतं. बेडकंसुद्धा त्याच क्षणी थांबली, अशी माझी आजही खात्री आहे. 

मग मी चित्राकडं पाहिलं. पाऊस पडत होता. हारपरबाई छत्री घेऊन दारात उभी होती. घरापुढं हिरवंगार, गच्च, बोटभर उंचीचं असं काहीतरी दाट उगवलेलं आणि तिचा नवरा त्यात वाकून काहीतरी करत होता. आसगावच्या माणसाला पावसात असं हिरवं दिसलं की तो दुसरं काय समजणार? धानाचे परे, लावणीची रोपं. मी म्हणालो, "अन् हारपरबाईच्या घरी आज रोवणी हाय. तिचा नवरा परे काढून राहिला."

सभेत एक हुंकार फिरला. पुस्तक हातोहात मागपर्यंत गेलं. सगळ्यांनी चित्र पाहिलं आणि मान डोलावली. अनसामाय पुढं भिंतीला टेकून बसायची. गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तिखट. तिनं चित्र डोळ्याजवळ नेऊन निवाडा दिला की परे चांगले आहेत, पण बाई नुसती उभी काहून राहिली, तिले वाकायले काय झालं.

तिथून हारपरबाई आसगावची झाली. मला येत नसलेल्या प्रत्येक जागी मी आमचं गाव भरलं. तिकडचे लोक सकाळी आंबील पितात. कपडे धुवायला बोडीवर जातात. सणाला शेजारणी मिळून पुऱ्या तळतात. हारपरबाईचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला आहे आणि रोवणीला रजा टाकून येतो. लोक इतके रमले की पावसात भिजत येऊ लागले. बांधीत वाकलेल्या बाया एकमेकींना विचारत, हारपरबाईचं रोवणं झालं का. तुळशीरामकाका तर दर दोन दिवसांनी भरल्या गळ्यानं सांगत, पाहा, ज्यांना आपण भ्यालो ते तं आपल्यासारखेच हायेत. गावाची भीती खरोखर मोडत चालली होती. चाळीस जणांची मिळून होती तेवढी सगळी माझ्या एकट्याच्या पोटात साठत होती.

दिवस मावळायला लागला की मला थंडी वाजे. कोणी शिकलेला पाहुणा गावात आला की मी त्याची पावलं कुठं वळतात ते पाहत राही: हा संध्याकाळी विहारात तर येणार नाही ना? लाइट गेली की वाटे सुटलो. काका मेणबत्ती लावत आणि त्या उजेडात अक्षरं हलायला लागली की वाटे, हीच उठून माझं नाव सांगतील.

पण खरी भीती दुसरीच होती. तिचं नाव शालूताई.

शेजारच्या दयारामकाकांची मोठी मुलगी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, बारावी झालेली. डावीकडे खांबाला टेकून बसायची आणि मी सांगेन ते सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून घ्यायची. मागच्या वर्षी नागपूरच्या एका नर्सिंगच्या शाळेत ती मुलाखतीला गेली होती. तिथं इंग्रजीतला एक उतारा वाचायला देतात, तिकडच्या रोजच्या जगण्याबद्दलचा, आणि त्यात काय आहे ते विचारतात. ती वाचायला उभी राहिली आणि तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. परत आली. दयारामकाका वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी सांगून टाकलं होतं: यंदा पुन्हा एकदा जा. लागली तं लागली. नाही तं मंडईले पाहुणे बोलावतो. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य होतं, पंचक्रोशीतले सोयरे येतात, आणि तिथंच पोरींच्या सोयरिकी पक्क्या होतात. शालूताईला मंडई या शब्दानंसुद्धा धडकी भरायची.

आणि ही पोरगी माझी हारपरबाई उतरवून घेत होती. तीन रंगांच्या पेनांनी. दुखण्याचा धडा झाला त्या दिवशी तर तिनं चार पानं लिहिली, कारण तो तिच्या कामाचा. त्या धड्यातलं मला एवढंच कळलं होतं की बाई आजारी आहे आणि शेजारीण आली आहे. बाकी मी सांगितलं ते असं: सगळा मोहल्ला आला, बाजेवर, बाजेखाली, दारात बसला, कोणी पाय चेपले, कोणी दृष्ट काढली, कोणी भात भरवला, आणि रात्रभर कोणी हललं नाही. अनसामायनं पदरानं डोळे पुसले. वाचन संपल्यावर शालूताई माझ्यापाशी आली. आवाज बारीक करून म्हणाली, "तू नसता तं माहं काही खरं नव्हतं, बाबू."



भाद्रपद अर्धा सरला तेव्हा तिला मुलाखतीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनंतरची तारीख. तिनं वही माझ्यापुढं धरून विचारलं, यातलं कोणतं पाठ करू? मी म्हणालो, उद्या सांगतो. आणि उद्या उजाडायच्या आत मी पळालो.

शूर माणसं पळतात तेव्हा डोंगरात वगैरे जातात. मी तुमसरला मामाकडं गेलो. मामा राइस मिलमध्ये होता. तिथं उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान वाफवतात, त्याचा आंबूस वास दिवसरात्र अंगाला चिकटलेला असतो. अंगणात कोंड्याचे डोंगर. मी मामाला म्हणालो, सहज आलो. मामानं माझ्या पिशवीतलं पुस्तक पाहिलं. पुस्तक मी सोबत आणलं होतं, म्हणजे मागं कोणाला त्यात डोकावता येऊ नये. चोर जसा चोरीचा माल उशाखाली घेऊन झोपतो.

मिलच्या मुनीमजींकडं एक डिक्शनरी होती, पुठ्ठा नसलेली, शेवटची काही पानं उंदरांनी खाल्लेली. ती मी मागून घेतली. आणि कोंड्याच्या ढिगाशेजारी पोतं टाकून, नाकातोंडात भुसा जात असताना, मी ते पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. तीस धडे लोकांना वाचून दाखवल्यानंतर.

तुम्ही कधी अनोळखी घरात चुकून शिरून, जेवून, झोपून, मग घरमालकाला पाहिलं आहे का? तसं झालं. परे नव्हतेच, ते गवत होतं. नवरा ते कापत होता. हारपरबाई बोडीवर जात नव्हती. मुलगा वर्षातून एका सणाला येत होता, एका दिवसासाठी. आणि दुखण्याच्या धड्यात शेजारीण आली होती हे खरं, पण तिनं रस्सा दाराशी ठेवला, घंटी वाजवली आणि आतल्या बाईला त्रास नको म्हणून तोंडसुद्धा न दाखवता निघून गेली. तिकडे आजारी माणसाला एकटं सोडणं हीच माया. मी डिक्शनरी पुन्हा पुन्हा पाहिली. शब्द बदलेना. माझ्या डोळ्यांपुढं शालूताई उभी राहिली, नागपूरच्या त्या खोलीत, नवी साडी नेसून, ठणठणीत आवाजात सांगते आहे की तिकडे चाळीस लोक रोग्याच्या बाजेवर बसतात. या वेळी तिचा आवाज निघणार होता. तेच भयंकर होतं.

तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "काय केलं तू, ते मले सांगू नको. ज्याले सांगायचं त्याले सांग." आणि त्यानं मला भंडाऱ्याच्या गाडीत बसवून दिलं.

भंडारा, मग पवनी, मग फाट्यापासून पायी. अंधारून आलं होतं, पाऊस बारीक होता. विहारात दिवा दिसला. मी दाराशी आलो आणि पाहिलं तर चाळीस माणसं रिकाम्या चौरंगापुढं गप्प बसलेली. ग्रंथाचा अर्धा तास झाला होता, पण हिरवं पुस्तक नव्हतं म्हणून त्याचं वाचन नव्हतं. पण खंड पडू नये म्हणून तुळशीरामकाकांनी तोड काढली होती: अर्धा तास सगळ्यांनी बसायचं आणि हारपरबाईची आठवण करायची. तीन संध्याकाळी ते असे बसले होते.

ते पाहून माझे पाय पुन्हा मागं वळले होते, हे कबूल करतो. पण अनसामायनं पाहिलं. म्हणाली, आला गा मास्तर.

मी चौरंगामागं बसलो नाही. उभा राहिलो. म्हणालो, आजवर जे सांगितलं ते माह्या मनचं होतं. मले इंग्रजी येत नाही.

काकांनी चष्मा काढला. "सगळं का अर्धं?"

"अर्ध्यापेक्षा थोडं जास्त."

 मग अनसामायनं हळूच विचारलं, "म्हंजे थे रोवणी नाही करत?"

"नाही माय. थे गवत हाय. घरापुढं लावते अन् कापते."

"ढोरं किती हायेत तिच्याकडं?"

"एकबी नाही."

"मंग गवत कायले लावते वं बाई?"

याचं उत्तर डिक्शनरीत नव्हतं. मागं कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं, आणि दयारामकाका उठून बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

शालूताई खांबाशीच होती. वही मांडीवर उघडी. दुखण्याची ती चार पानं. तिनं विचारलं, "यातलं खरं काय हाय?"

मी पाहिलं. खूप शोधलं. "आजारी हाय, ते खरं. पाऊस खरा हाय."

मला वाटलं आता ती वही फाडेल, किंवा रडेल. दोन्हीला मी तयारी केली होती. तिनं वही मिटली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या पानावरून लिहायला सुरुवात करण्यासाठी पेन उघडलं. "बस," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून वाच. जिथं येत नाही तिथं येत नाही म्हण. चाळीस लोकायपुढं म्हण. नाही म्हटलं तं मी ओळखीन."

पुस्तक सोडता येत नव्हतं, आणि दुसरा वाचणारा गावात नव्हता. मी बसलो.

हिवाळ्यात बोडीत पहिली बुडी मारताना छाती जशी बंद होते, तसं ते पहिलं 'मले माहीत नाही' होतं. त्या संध्याकाळी मी ते सतरा वेळा म्हणालो. अनसामाय बोटांवर मोजत होती आणि अकराव्याला तिनं बोटं संपल्याचं जाहीर केलं. पण मग एक गोष्ट व्हायला लागली. मी अडलो की लोक अंदाज सांगत. चित्र फिरे. काका म्हणत, रेल्वेत असा शब्द दारावर लिहिलेला राहे, तिथून आत जायची मनाई होती. शालूताई मी तुमसरहून सोबत आणलेली मुनीमजींची डिक्शनरी उघडायची. उंदरांनी खाल्लेल्या पानांवरचा शब्द असला की सगळे मिळून हळहळत. आणि अशा तऱ्हेनं खरी हारपरबाई एकेक ओळ करत आमच्यापुढं येऊन बसली. थंड स्वयंपाकघर. एक कप. खिडकी. मुलाचं पत्र, तेही छोटं.

 एका संध्याकाळी अनसामाय म्हणाली, "एकटीच हाय म्हणजे बिचारी." थोड्या वेळानं म्हणाली, "तुहीच बरी होती."

तिचं खरं होतं. आजही मला त्या दुसऱ्या बाईची आठवण येते, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. पावसात छत्री घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभी राहणारी, आंबील पिणारी, जिच्या रोवणीची चौकशी आसगावच्या बांधीत व्हायची. पृथ्वीवर ती फक्त दोन महिने होती, तेही चाळीस माणसांत. तिला मी आणलं आणि मीच मारलं. तिच्यासाठी मेणबत्ती लावावी असं कधी कधी वाटतं. मग मास्तरकी आडवी येते.

शालूताई मुलाखतीला गेली. तुळशीरामकाका सोबत गेले. संध्याकाळी ती दोघं परत आली तेव्हा मी फाट्यावर उभा होतो. तिनं एवढंच सांगितलं की उतारा एका म्हातारीबद्दल होता, आवाज निघाला, आणि विचारलं तेवढं सांगितलं. नंबर लागला का, हे शाळावाले पत्रानं कळवणार होते.

आश्विन पौर्णिमा झाली. पुस्तक संपलं. धान लोंबीला आलं, शेतातून तो दुधाळ, गोडसर वास गावात यायला लागला, जो इतर कुठल्या वर्षी मला आवडला असता. पत्र आलं नाही. दिवाळी झाली. पत्र आलं नाही. मंडईचा दिवस उजाडला आणि दयारामकाकांच्या अंगणात पाहुणे येऊन बसले. मुलाचा बाप, काका, आणि पँटशर्टातले एक मामा, ते कुठल्याशा कचेरीत कारकून होते. शालूताई आत होती, नवी साडी नेसलेली. तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, म्हणून जास्त भीती वाटत होती. मी शेजारधर्म म्हणून पाणी देत होतो. खरं म्हणजे मला घरी बसवत नव्हतं.

पोहे दिले गेले आणि त्याच वेळी पोस्टमन आला. लांबट पाकीट, वर टाइप केलेलं नाव. दयारामकाकांनी ते उलटसुलट पाहिलं. अंगणात इंग्रजीचं नाव निघाल्यावर बघायचं कोणाकडं, हे गावाला सवयीनं ठाऊक होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

मी पाकीट फोडलं.  पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. शंकाच नव्हती. मी म्हणालो, "शालूताई लागली. पुढच्या सोमवारी बोलावलं हाय. राहायचंबी तिथंच हाय."

दयारामकाका माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले, त्या दिवशी विहारातून जाताना पाहिलं नव्हतं तेही सगळं त्यांनी आता पाहून घेतलं.

"खरं वाचून राहिला," ते म्हणाले, "का हारपरबाई वाचून राहिला?"

पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, हारपरबाई कोण.  माझ्या कानांत बेडकं ओरडायला लागली, भर कार्तिकात. मी खरं बोलत होतो आणि माझ्या खऱ्याची किंमत मीच पावसाळ्यात उडवून टाकली होती. एका मुलीचं आयुष्य माझ्या हातातल्या कागदावर सरळ, स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं म्हणूनच ते खोटं ठरत होतं. दयारामकाकांनी कागद माझ्या हातातून घेऊन कारकून मामांपुढं धरला. मामांनी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला, म्हणाले. ज्या तऱ्हेनं म्हणाले ती तऱ्हा मला चांगली ओळखीची होती.

तेव्हा शालूताई बाहेर आली. पाहुण्यांपुढं मुलीनं असं येण्याची रीत नव्हती. तिनं बापाच्या हातातला कागद घेतला आणि उभ्यानं वाचायला लागली. एक ओळ इंग्रजीतून, सावकाश. मग तीच मराठीतून. पुन्हा एक ओळ. आवाज कापत होता, पण होता. निवड झाली आहे. सोमवारी सकाळी यावं. सोबत पांढरे कपडे, दाखले, अंथरूण. चौथ्या ओळीत ती थांबली. अंगण थांबलं.

"हा शब्द मले माहीत नाही," ती म्हणाली. आणि पुढची ओळ वाचली.

पत्र संपलं. दयारामकाकांनी विचारलं, "कोणता शब्द?"

तिनं बोट ठेवलं. ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं तो बाप त्या शब्दाकडं वाकून पाहत राहिला, जसं एखादं बियाणं तळहातावर घेऊन पाहावं. मामाही वाकले, बिनचष्म्याचे. मग सरळ झाले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मलेबी नाही माहीत."

दयारामकाकांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. पाहुण्यांना म्हणाले, पोहे थंडे होऊन राहिले, खा. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "माळ्यावरची पेटी काढा."

शालूताई आज नागपूरच्या एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. विहाराच्या कामाचं कळल्यावर तिचा फोन आला होता, भिंत पाडायच्या आधी फोटो काढून ठेव म्हणाली. मी काढला. रिकाम्या भिंतीचा, पोपटी चौकोनाचा, आणि कोपऱ्यात माझी घामेजलेली सावली आली आहे.

एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. चौथ्या ओळीतला तो शब्द मला येत होता. मिलच्या कोंड्यात बसून मी तो दोनदा पाहिला होता, साधाच होता, घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. खात्रीनं येत असलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला इंग्रजी शब्द. तो अगदी जिभेच्या टोकावर आला होता. मी तोंड मिटलं, रिकामे गिलास गोळा केले आणि आत गेलो.